फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात घरांची तीव्र टंचाई होती. नगरपालिकेने हजारो स्वस्त घरे बांधावयास घेतली आणि १९२६ साली त्यांतील स्वयंपाकघराची आखणी मार्गारेटे लिहोत्स्की या २९ वर्षांच्या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीकडे आली.

जागा जेमतेम १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. त्यांनी नमुना म्हणून आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघर पुढे ठेवले आणि गृहिणीची पावले मोजली. निर्णय किती बारकाईचे! पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कारण त्याला कीड लागत नाही. साखर-तांदळाला ॲल्युमिनियमचे चोच असलेले खण, थेट भांड्यात ओतता येतील असे. कपाटांना निळा रंग, कारण त्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज. गॅसची शेगडी होती. शीतकपाट मात्र नव्हते. सगळे सामान भिंतीला पक्के जोडलेले आणि त्याचा खर्च भाड्यातच धरलेला.

अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. गंमत म्हणजे, तोवर आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, हे लिहोत्स्कींनी पुढे स्वतःच सांगितले.

हेतू स्त्रीचा वेळ वाचवण्याचा होता आणि पावले खरोखरच वाचली. पण या खोलीत दोघांना एकत्र वावरता येईना. पूर्वी श्रमिकांच्या घरी चुलीभोवती सारे कुटुंब बसे. येथे गृहिणी एकटी पडली. १९७०च्या दशकातील स्त्रीवाद्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. मला तो आक्षेप रास्त वाटतो, जरी कमी भाड्याच्या घरात मोठी खोली परवडली नसती.

पुढे नूतनीकरणात बहुतेक स्वयंपाकघरे उखडली गेली. उरलेल्यांपैकी एक आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.