लिव्हरसाठी चौदा दिवस

आज नववा दिवस. सकाळी उठल्याउठल्या तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र तोंडात धरलं आणि श्वास आत ओढला. पहिला चेंडू टुणकन वर गेला, दुसरा रेंगाळत गेला, तिसरा जागचा हलला नाही. मग पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. अकराला दुधीचं गाळलेलं सूप, दुपारी मुगाचं पातळ कढण, चारला लोणी काढलेलं ताक, रात्री पुन्हा पावडर. चौदा दिवस झाले की पुण्याला जायचं. तिथे वजन उतरावं म्हणून माझ्या जठराचा मोठा भाग कापून काढतील आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतील.

सासूबाईंना यात विशेष काही वाटत नाही. "चौदा दिवस म्हणजे काय गं, आम्ही चार महिने एकभुक्त राहायचो," म्हणतात. त्यांच्या त्या एका जेवणात काय काय असायचं ते मी पाहिलेलं आहे. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आमच्याच घरात जन्मली असावी.

साताऱ्यातल्या शाळेत मी 29 वर्षं इतिहास शिकवला. कोणी काही करायला सांगितलं की हे आधी कोणी आणि का सुरू केलं, ते शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. या चौदा दिवसांचंही तसंच झालं. त्याला जुनं दुखणंही होतं. दहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी मला न तपासताच सांगितलं होतं, "आधी दहा किलो उतरवून दाखवा, मग ऑपरेशनचं बोलू." ते 'दाखवा' माझ्या कानातून गेलं नाही. म्हणून हे पथ्य हाती पडल्यावर पहिला प्रश्न हाच आला, की ही तयारी आहे की परीक्षा?

सुरुवात चरकापासून केली. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित माणसं सांगितली आहेत. फार उंच, फार बुटका, फार केसाळ अशा त्या यादीत फार लठ्ठही आहे. लठ्ठापेक्षा कृश बरा, कारण लठ्ठावर इलाज करणं अवघड, असा निकाल त्याने दिला आहे. इलाजात जव, मूग, कुळीथ, मध, ताक, व्यायाम, जागरण आणि चिंतन. शेवटच्या दोन गोष्टी मी न सांगताच करते, गुण मात्र आलेला नाही.

खरा गडी भेटला तो स्पेनमध्ये. दहाव्या शतकात लिओनचा राजा सान्चो इतका लठ्ठ होता की त्याला घोड्यावर बसता येईना. सरदारांनी 958 साली त्याला गादीवरून उतरवलं. त्याची आजी तोदा ही नवाराची राणी, मोठी खमकी बाई. तिने थेट कॉर्डोबाच्या खलिफाकडे, म्हणजे शत्रूकडेच मदत मागितली. खलिफा तिसरा अब्द अर्-रहमान याने आपला ज्यू वैद्य हस्दाई इब्न शाप्रूत याला कामाला लावलं. दंतकथा अशी, की वैद्याने राजाचे ओठ शिवून टाकले, नळीतून फक्त काढे पाजले आणि दोर बांधून त्याला रोज चालवलं. ओठ शिवल्याचं मी तरी खरं धरत नाही. पण राजा बारीक झाला, खलिफाच्या फौजेसह परतला आणि गादीवर बसला, हा इतिहास आहे. बदल्यात किल्ले द्यायचं कबूल करावं लागलं होतं. पुरंदरच्या तहातले 23 किल्ले मुलांकडून पाठ करून घेतलेल्या बाईला हे वाचून हसू येणारच. वजन उतरवण्यासाठी किल्ले देणारा राजा आमच्या पाठ्यपुस्तकात कुठे नव्हता.

पातळ पदार्थ आणि चालणं. हजार वर्षांनी माझ्या पथ्याच्या कागदावरही तेच दोन रकाने आहेत.

शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा. 1954 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाची वाट आखूड करण्याची शस्त्रक्रिया मांडली. आतडं आखूड, म्हणून अन्न अंगी लागणार नाही, असा सरळ हिशेब. वजन उतरायचं, पण जुलाब थांबायचे नाहीत, मूतखडे व्हायचे आणि काहींचं लिव्हर निकामी व्हायचं. 1980 च्या सुमाराला ती पद्धत मागे पडली. या सगळ्या इतिहासात लिव्हर पहिल्यांदा येतं ते असं, बळी म्हणून.

आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन पुन्हा वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावरून 1966 साली त्यांनी जठराचा बायपास केला. स्वतः मेसन शंभर वर्षं जगले.

मधेच 1976-77 साली अमेरिकेत द्रव प्रथिनांचं खूळ आलं. बाकी काही न खाता फक्त ते पेय प्यायचं. कातडी आणि स्नायुबंधांपासून बनवलेलं ते निकृष्ट प्रथिन होतं, क्षार-जीवनसत्त्वांचं धड भान नव्हतं. पन्नासच्या वर माणसं गेली, बरीचशी हृदयाची लय बिघडून. माझ्या डॉक्टरांनी पावडर हातात देण्याआधी ईसीजी का काढला, पोटॅशियम का तपासलं आणि मधुमेहाच्या गोळ्या का कमी केल्या, ते मला इथे कळलं. शेजारच्या वहिनींनी माझा कागद मोबाइलवर उतरवून घ्यायला मागितला होता. दिला नाही. त्या रागावल्या आहेत, रागावू देत.

मग आलं 1991. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बसवून रेषा आखली. बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत मोठा आजार, अशांनाच ही शस्त्रक्रिया. आपल्याकडे विमा नियामकाने 2019 साली पॉलिसीसाठी ठरवलेल्या शब्दांत हेच आकडे आहेत, आणि वजन उतरवायचे सौम्य उपाय फसलेले असावेत अशी अटही आहे. माझा बीएमआय 48 आणि मधुमेह अकरा वर्षांचा, त्यामुळे मी त्यात बसले. पण गंमत पाहा. आयुष्यभर नापास झाल्याबद्दल बोलणी खाल्ली, आणि इथे नापास झाल्याचाच दाखला मागतात! अमेरिकेत तर काही विमा कंपन्या शस्त्रक्रियेआधी सहा-सहा महिने डाएट करून दाखवायला लावत. तिथल्या या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांच्याच संघटनेने 2016 साली या सक्तीला शास्त्राचा आधार नाही, असं स्पष्ट सांगितलं. 'दाखवा' म्हणणारे सगळीकडेच असतात.

माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते 1994 मध्ये. त्या साली कॅलिफोर्नियातल्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी जठराचा बायपास दुर्बिणीतून केल्याचं प्रसिद्ध केलं. तोवर पोट उघडून काम चालायचं, लिव्हर मधे आलं तर हाताने बाजूला सारता यायचं. आता बोटाच्या पेरापेक्षा लहान छिद्रांतून हत्यारं आत जाऊ लागली. लिव्हरचा डावा भाग नेमका जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. माझ्यासारख्या लठ्ठ माणसाचं लिव्हर चरबीने फुगलेलं, जड आणि ठिसूळ असतं. ते उचलायला जावं तर फाटतं, रक्त येतं आणि खालचं काही दिसत नाही. अशा वेळी दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं.

कमी खाल्लं की शरीर आधी लिव्हरमधली साठवलेली साखर वापरतं. त्या साखरेने धरून ठेवलेलं पाणीही जातं, चरबीही उतरू लागते. मेलबर्नच्या संशोधकांनी 32 जणांना बारा आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवून लिव्हर मोजलं. 2006 साली छापलेल्या त्या अभ्यासात ते सरासरी 18.7 टक्क्यांनी लहान झालं होतं, आणि त्यातली 80 टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतली होती. चौदा दिवसांचा आकडा अशा मोजमापावर उभा आहे. पुढे 2011 साली 298 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात दोन आठवडे पथ्य केलेल्यांवर काम करणं सर्जनना सोपं वाटलं, आणि महिनाभरातल्या गुंतागुंती पथ्य न केलेल्यांत 18 जणांना तर पथ्य केलेल्यांत 8 जणांना झाल्या.

हे वाचलं त्या रात्री मी शांत झोपले. हे पथ्य माझ्या मनोनिग्रहाचं प्रगतिपुस्तक नव्हतं. सर्जनला आतलं नीट दिसावं म्हणून मी जागा करून देत होते, पाहुणे यायच्या आधी बैठकीतला पसारा आवरावा तशी.

एक आठवण सांगायची राहिली. फेब्रुवारी 2017 मध्ये इजिप्तहून पाचशे किलोच्या एका बाईला मालवाहू विमानाने मुंबईत आणलं होतं. नववीतल्या एका मुलाने ते कात्रण वर्गात मोठ्याने वाचलं. वाचून संपलं तशा चाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या आणि तितक्याच झटकन पुस्तकात गेल्या. मी तास चालू ठेवला. त्या बाईलाही आधी पातळ आहार आणि फिजिओथेरपी दिली, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये ती अबू धाबीत वारली. त्या मुलाने त्या बातमीचं कात्रण मात्र आणलं नाही.

संध्याकाळी मी चालायला जाते. राजवाड्यावरून जाताना कंदी पेढ्यांचा वास येतो तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडून चालते. पहिल्या दिवशी चार भिंती स्मारकाच्या चढाला तीनदा टेकले होते, काल एकदाच टेकले. जुना विद्यार्थी भेटला, "बाई, बारीक झालात!" म्हणाला. लिव्हर बारीक झालंय, असं त्याला सांगितलं. त्याला काही कळलं नाही.

सुरुवातीला वजन 117 किलो होतं, आज 112.6 आहे. अजून पाच दिवस आहेत आणि तिसरा चेंडू खालीच आहे.