डोळे मिटून काढलेली अक्षरे

१९८९ साल. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात, एन्झेरेकोरे येथे, इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी हे भाऊ खोलीचे दार लावून, डोळे मिटून कागदावर आकृत्या काढीत असत. थोरला १४ वर्षांचा, धाकटा १० वर्षांचा. मनास भावेल त्या आकृतीला ते फुलानी भाषेतील एकेक ध्वनी बहाल करीत.

यामागे घरचीच अडचण होती. अरबी अक्षरांत लिहिलेली फुलानी पत्रे वाचून घेण्यासाठी शेजारीपाजारी त्यांच्या वडिलांकडे येत. पण फुलानीतील काही ध्वनींना त्या अक्षरांत स्थानच नव्हते. जो तो आपल्या परीने लिही आणि जाणकारही अडखळे.

अशी २८ अक्षरांची, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी लिपी सिद्ध झाली. पहिल्या चार अक्षरांवरून ती 'अदलम' म्हणून ओळखली जाते. शिकेल त्याने आणखी तिघांना शिकवावे, एवढीच अट. पुस्तके हातानेच उतरवली जात.

खरी कसोटी संगणकापाशी लागली. त्यांनी पदरमोड करून टंक घडवून घेतला. परंतु तो अरबी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेला! ज्याच्या संगणकात तो टंक नसे, त्याच्या पडद्यावर निरर्थक अरबी अक्षरांची रांग उमटे. मुलांनी जे साधले, ते यंत्राने मानायला २७ वर्षे घेतली. २०१६ साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत अदलमला स्वतःचे स्थान मिळाले. २०१९ साली विंडोजमध्येही ती आली.