निहाली भाषा

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बोलली जाणारी आदिवासी भाषा. बोलणारे स्वतः तिला ‘कालतो’ म्हणतात. भाषिकांची संख्या सुमारे 2,000 ते 2,500. तिचे कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. मात्र शब्दसंग्रहात कोरकू भाषेतील शब्दांची मोठी भर असून ‘इरार, मोठो, नालो’ (दोन, तीन, चार) ही अंकनामे द्राविडी वळणाची आहेत. भाषाशास्त्रज्ञ कायपर यांचा तौलनिक अभ्यास 1962मध्ये आला; पुढे डेक्कन कॉलेजातील शैलेंद्र मोहन यांनी गावांत जाऊन भाषेचे दस्तऐवजीकरण केले. ते मोलाचे आहे, पण पुरेसे नाही. कारण मुलांचे शिक्षण मराठीत होते. पहिल्या इयत्तांत निहालीला जागा मिळणे ही आज सर्वांत निकडीची गरज आहे.