खंजिरी, रंगपट आणि घोटुल : झाडीतल्या मनोबळाचा मागोवा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांवरचे अहवाल, गॅझेटियर आणि जुनी कात्रणे मी गेली काही वर्षे चाळतो आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, त्यामुळे त्याआधीचे कागदही एकत्रच सापडतात. या सगळ्या कागदांत उणिवांची नोंद मात्र चोख असते. मलेरिया किती, कुपोषण किती, रस्ते किती कमी, सिंचन किती अपुरे, हिंसाचारात किती मेले. यातले काहीही खोटे नाही. तरी वाचता वाचता मला सतत एक रकाना राहून गेल्यासारखा वाटतो. इतक्या उणिवांत ही माणसे आतून कशाच्या आधारावर उभी राहिली, हे कुणी नोंदवलेलेच नाही.

माझे बालपण ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावात गेले. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका गाणी म्हणत आणि आम्ही पोरे बांधीच्या धुऱ्यावर बसून ऐकत असू. गाणे थांबले की हात मंदावत, हे तेव्हाही दिसत होते. पुढे शिक्षक झालो आणि इतरांसारखेच मानू लागलो की आधी पोट भरते, मग माणूस गातो. या लेखासाठी जुने दाखले तपासताना तो समज मला सोडावा लागला. त्यांतले चार दाखले वाचकांपुढे ठेवतो.

पहिला दाखला खंजिरीचा. लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले कातडे, कड्यात बसवलेल्या बारीक झांजा, एवढेच हे वाद्य. एका हातात मावते, त्याला पेटीसारखी जागा लागत नाही आणि दिवाबत्तीही लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या माणिक नावाच्या मुलाने हे वाद्य उचलले आणि तो पुढे तुकडोजी महाराज म्हणून ओळखला गेला. तारुण्यात त्यांनी चिमूर परिसरातल्या रामदिघीच्या जंगलात काही काळ काढला. त्यामुळे या भागाशी त्यांचे नाते पाहुण्यासारखे नव्हते. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभे राहिले, तरी खंजिरी या जंगलगावांत येतच राहिली.

१९४२ च्या पावसाळ्यात त्यांच्या भजनांनी चिमूर भारून गेले होते. त्या भजनांत देवाच्या नावासोबत देशाचेही नाव होते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीच्या दिवशी गावात मिरवणूक निघाली. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण मारला गेला, जमाव खवळला आणि चार सरकारी माणसे त्यात ठार झाली. काही दिवसांतच सैनिक आले आणि त्यांनी गावातल्या स्त्री-पुरुषांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. तुकडोजी महाराजांना ऑगस्टअखेर चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात काही महिने राहावे लागले.

खंजिरीने चिमूरला धीर दिला असे आपण सहज म्हणून जातो. हा धीर स्वस्त नव्हता, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. संगीताने मन शांत होते हे खरे आहे, पण चिमुरात संगीताने मन जागे झाले आणि जागेपणाची किंमत गावाने मोजली. दोन्ही बाजूंनी माणसे गेली. म्हणून सुरांच्या सामर्थ्याविषयी लिहिताना मला भाबडेपणा परवडत नाही. तरीही एक गोष्ट उरते. सैन्य येऊन गेल्यावर, घराघरांत दहशत असताना, गाव पुन्हा एकत्र बसू शकले ते कशामुळे? त्या भागातल्या गावांत सायंकाळची सामुदायिक प्रार्थना पुढे रुजली आणि आजही अनेक ठिकाणी चालते. दिवसभर एकमेकांशी न बोललेली माणसे संध्याकाळी एका सतरंजीवर बसतात, एका ठेक्यात गातात आणि मग काही क्षण मौन पाळतात. त्या बसण्याला खर्च काहीच नाही.

दुसरा दाखला रंगाचा आहे आणि तो भीतीपासून सुरू होतो. कुष्ठरोगाची खूण बहुधा रंगानेच प्रकट होते. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा उठतो आणि तिथली संवेदना जाते. १८९८ च्या कायद्याने अशा माणसांना कोंडून ठेवण्याची सोय केली होती. तो कायदा संसदेने २०१६ मध्ये रद्द केला. नवरा-बायकोतल्या एकाला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण मानले जाई, ती तरतूद २०१९ मध्ये गेली. एका चट्ट्याने घर, गाव आणि लग्न हे सारे जाऊ शकत असे, ते इतक्या अलीकडेपर्यंत.

वरोऱ्यात वकिली करणाऱ्या मुरलीधर देवीदास आमटे यांना एका पावसाळी संध्याकाळी तुळशीराम नावाचा असाच शेवटच्या अवस्थेतला रुग्ण रस्त्याकडेला दिसला आणि ते घाबरून पळाले. बाबांनी स्वतःच ही भीती पुढे उघडपणे सांगितली. त्या भीतीचा पाठलाग करत ते कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यास करून आले. १९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, काटेरी जमिनीवर विनोबांच्या हस्ते वसाहतीचा आरंभ झाला. सोबत साधनाताई, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे.

मला थांबून पाहावेसे वाटते ते नावापाशी. जिथे पाणी नव्हते, विहीर खणायची बाकी होती, हातांची बोटे झडलेली होती, तिथे पहिल्याच दिवशी नाव दिले 'आनंदवन'. रोगाचे नाव पाटीवर नव्हते. आनंद पुढे कधी मिळेल म्हणून वाट पाहिली गेली नाही, तो आधीच गृहीत धरला गेला. सुरुवातीला तिथला भाजीपाला आणि दूध विकत घ्यायला लोक कचरत. पण हळूहळू मागमाग फिरले, सतरंज्या विणल्या गेल्या, शुभेच्छापत्रे तयार झाली, बागा फुलल्या. ज्या हातांना स्पर्श कळत नाही, ते हात डोळ्यांच्या आधारे लाल धाग्याशेजारी पिवळा धागा लावतात. संवेदना गेलेल्या बोटांना भाजलेले, कापलेलेही कळत नाही, म्हणून अशा माणसाला हातांवर सतत नजर ठेवावीच लागते. विणकामात ही सक्तीची दक्षता कौशल्य होऊन जाते. चट्ट्याच्या रंगाने ज्यांना घराबाहेर काढले, त्यांनी विणलेले रंग आज लोकांच्या दिवाणखान्यांत अंथरलेले आहेत.

पुढे डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात अंध गायक गातात, कर्णबधिर कलाकार इशाऱ्यांवर नजर ठेवून नाचतात आणि कुष्ठमुक्त माणसे मंचावर वावरतात. प्रेक्षक आधी कौतुकाने टाळ्या वाजवतात, मग काही वेळाने कौतुक विसरून गाण्यासाठी वाजवतात. दुसऱ्या टाळीपर्यंत पोहोचणे हेच त्या कार्यक्रमाचे यश आहे.

इथेही एक खुलासा हवा. आनंदवन केवळ आनंदावर चालले नाही. आधी डॅप्सोन होते, १९८०च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आले आणि रोग बरा होऊ लागला. औषधाने जंतू जातात. पण बरा झालेला माणूस स्वतःला बरा मानायला तयार नसेल तर तो भिक्षापात्र सोडत नाही. औषध आणि आत्मविश्वास यांची कामे वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

तिसरा दाखला याच दिवसांतला आहे. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, मंडई भरू लागते. शंकरपट होतात, दंडार नाचते आणि रात्री नाटके सुरू होतात. गडचिरोलीतील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे केंद्र. तिथे नाट्यमंडळांची कार्यालये ओळीने आहेत आणि गावोगावची मंडळे तिथे येऊन नाटक 'बुक' करतात. धान कापून घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो आणि थंडी पडलेली असते. प्रयोग रात्री दहाच्या पुढे सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, कारण जंगलातून मध्यरात्री परतणे कुणालाच सोयीचे नसते.

माझ्या आठवणीतले नाटक बंडीतून सुरू होते. आई तणस अंथरायची, त्यावर पोते, त्यावर आम्ही. तंबूत शिरल्यावर आधी दिसायचा तो पडदा. त्यावर राजवाडा, कारंजे, निळे डोंगर रंगवलेले. आमच्या गावात निळा रंग आभाळाशिवाय कुठे नव्हता. मंचापुढे ऑर्गन आणि तबला लागलेला असे. मग एका प्रवेशात आमच्याच गल्लीतला, दुपारी माझ्या वडिलांसोबत बांधीत असलेला माणूस जरीचा अंगरखा घालून, गालाला रंग लावून राजा म्हणून आला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेतात होता. पण त्याच्याशी बोलताना गावाचा आवाज बदललेला मला आठवतो. लोक त्याला अरे-तुरे करताना जरा थांबत.

ही रंगभूमी शहरी समीक्षकांनी बराच काळ मोजली नाही. कथा भडक असतात, रडारड फार असते, मध्येच लावणी येते, हे आक्षेप मीही तरुणपणी घेतले आहेत. आता वाटते, त्या भडक कथांत दारू पिणारा बाप, हुंड्यासाठी छळलेली मुलगी, कर्जात बुडालेला शेतकरी हेच लोक असतात आणि प्रेक्षक स्वतःच्या घरातले दुःख चारचौघांत, उघडपणे, लाज न बाळगता रडून घेतात. अशी सोय शहराने क्वचितच केली आहे. २०२३ मध्ये या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या या कलावंताने हजारो प्रयोग केले आहेत. करोनाकाळात तंबू बंद राहिले तेव्हा या गावांतली दिवाळी किती सुनी होते, हे मी पाहिले आहे.

चौथा दाखला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा. या गावाचा इतिहास सहसा वनहक्कापासून सांगितला जातो. मला तो घोटुलापासून सांगावासा वाटतो. घोटुल म्हणजे तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याची, गाण्या-नाचण्याची आणि रीतभात शिकण्याची जागा. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध या भागात आंदोलन झाले. त्यातून जागे झालेल्या मेंढ्याने मोडकळीस गेलेली आपली घोटुलाची परंपरा पुन्हा उभी करायचे ठरवले आणि जंगलातले लाकूड आणून घोटुल बांधले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून पाडले. गावाने ते पुन्हा बांधले.

सरकारशी पहिली मोठी झुंज गावाने नाच-गाण्याच्या जागेसाठी दिली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या गावाला आपले गाणे जपायचा हक्क आहे असे वाटते, त्याच गावाला पुढे आपले जंगल जपायचा हक्क आहे असे वाटू लागते. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासू मित्र, यांनी अभ्यासगट चालवले. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे ठरले. दिल्ली-मुंबईला सरकार असले तरी आमच्या गावात आम्हीच सरकार, अशा अर्थाची त्यांची घोषणा दूरवर पोहोचली. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवा होता आणि तो मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. आत्मविश्वास हा शब्द आपण भाषणांत फार वापरतो. मेंढ्यात त्याला पावतीपुस्तकाचा आकार आहे.

याच जिल्ह्यांत सुखाचा आणखी एक रस्ता आहे, तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. लोकांच्या आंदोलनातून गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मोहाच्या दारूला गोंडांच्या पूजाविधीत स्थान आहे, तिची गोष्ट वेगळी. बाटलीतून विकत आणलेले सुख मात्र एकट्याचे असते आणि त्याचे देणे घरातल्या बाईला फेडावे लागते. बंदी असावी की नसावी यावर वाद चालू राहतील. मला विचारायचे आहे ते इतकेच, की संध्याकाळी माणसाने जायचे कुठे? प्रार्थनेची सतरंजी, नाटकाचा तंबू, गावाचे घोटुल यांतले काही शिल्लक असेल तर बंदीला अर्थ आहे. काहीच नसेल तर एकटा कायदा किती पुरेल?

चारही दाखल्यांत एक समान गोष्ट मला दिसते. खंजिरी, मागावरचा धागा, गालावरचा रंग, लाकडाचे घोटुल, सगळे हाताने करायचे आहे आणि एकट्याने होणारे नाही. परिस्थिती सुधारल्यावर बक्षीस म्हणून यांतले काहीच मिळाले नव्हते. विहिरीला पाणी लागण्याआधी आनंदवन हे नाव होते. जंगलाचा हक्क मिळण्याआधी घोटुल होते.

यंदा भाऊबीजेनंतर मी पुन्हा गावी जाणार आहे. बंडीऐवजी आता ऑटो जातो, तणसाऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आला आहे. जिल्ह्याच्या पुढच्या अहवालात तो रिकामा रकाना कुणी भरेल अशी आशा नाही. पण पहाटे नाटक सुटल्यावर, डोळे चोळत घरी परतणाऱ्या बायका कालचेच गाणे गुणगुणत धान झोडपायला जातील, तेव्हा तो कसा भरायचा हे मला त्यांच्याकडून ऐकायचे आहे.