आमच्या दारचा टेम्पो

दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरी विळा, कोयता, नांगर यांची पूजा झाली की उरलेली झेंडूची माळ दारच्या टेम्पोला पडते. १९९१ पासून हा नेम चुकलेला नाही. यंदा मात्र माळ घालताना धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ही शेवटची." मी काही बोललो नाही, पण मास्तराचे डोके, ते इतिहासाकडे वळले.

वाचकहो, मुळशीत मालाची कोणतीही लहान गाडी ‘टेम्पो’च. हा शब्द मूळचा जर्मन कारखान्याचा. त्या कारखान्याच्या सहकार्याने नवलमल फिरोदियांनी तीनचाकी मालगाडी काढली आणि १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली. कंपनीचे नाव पुढे बदलले, पण गावोगाव शब्द तोच राहिला. आमचा टेम्पो खरे तर टेल्कोचा ४०७. १९८०च्या दशकात टोयोटा, निस्सान, माझदा, मित्सुबिशी या चार जपानी घराण्यांशी हातमिळवणी करून हलक्या ट्रकांचे कारखाने आपल्या देशात निघाले. त्यांच्यासमोर टेल्कोने स्वतःच्या बळावर बनवलेली गाडी १९८६ साली उभी केली, ती ही.

तिच्या पोटातले यंत्र त्याहून जुने. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने ते १८९७ साली ऑग्सबर्गला यशस्वी करून दाखवले. त्यात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तेलाचा फवारा आपोआप पेटतो. वाफेची मोठी यंत्रे धनवंतांची. लहान कारागिराच्या हातीही शक्ती यावी, अशी त्या माणसाची इच्छा होती. आपल्याकडे ती दोन एकर भाताच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचली.

आणि योगायोग पाहा! याच खोऱ्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. सत्याग्रह हरला, गावे पाण्याखाली गेली. ते पाणी भिऱ्याला उतरून मुंबईचे दिवे लावू लागले. दोन पिढ्यांनी त्याच घराण्याची गाडी कर्ज काढून मुळशीकरांच्या अंगणात आली, आणि आम्ही तिला हळदकुंकू वाहिले. इतिहासाला असले हिशेब जुळवून ठेवायची सवय नसते. ते आपणच मनाशी जुळवायचे.

वडिलांनी मात्र हिशेब ठेवला. लाल कापडाच्या वहीत डिझेल, टायर, कमानीचे पाटे, नोझल, दरवर्षीचे पासिंग, सगळे आहे. मधूनमधून दुसऱ्या नोंदीही आहेत : "आंबेमोहोर, मार्केट यार्ड." "वऱ्हाड, ताम्हिणीमार्गे माणगाव." "बाळंतीण, पौड. भाडे नाही." ती बाळंतीण म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. त्यांचा मुलगा आज शेती करतो. दोनदा इंजिन खोलले, तेव्हा नवी गाडी घ्या असे सर्वांनी सांगितले. वडील म्हणाले, "हिचा आवाज मला कळतो. नवीचा कळेल तोवर मी म्हातारा होईन." वहीतली शेवटची नोंद त्यांच्याच हातची आहे.

२०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे केंद्राचे धोरण आले. तरी आमची पासिंगला उभी राहत होती. भावाचे म्हणणे कागदाचे नव्हतेच. तो म्हणाला, "दादा, तुझ्या शाळेच्या चढावर गाडी चढते तेव्हा पोरे नाकाला रुमाल लावतात. तू वर्गात असतोस, मी आरशात बघतो."

यावर मास्तराजवळ उत्तर नव्हते.

यंदाचे भात तेवढे ती वाहील. शेवटचे पोते उतरले की वहीत त्या दिवसाची तारीख मी लिहीन, आणि खाली : "भाडे नाही."