मोडशी : एका शब्दाचा आणि रक्तप्रवाहाचा इतिहास



वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. शब्दाचा माग काढीत मी या विषयापाशी पोहोचलो. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये आपल्या या गोव्यातच छापलेल्या ग्रंथात पटकीचे वर्णन केले आहे. पोर्तुगीजांनी या रोगाला दिलेले ‘मोर्देशिं’ हे नाव आपल्या ‘मोडशी’वरून आले. ‘मोडणे’ या क्रियापदाशी ते जोडले जाते. धडधाकट माणूस काही तासांत मोडून पडतो, हे लोकांनी पाहिले होते. पण आत नेमके काय मोडते?

उत्तर मिळाले ते १८३१-३२ च्या साथीत, इंग्लंडमध्ये. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातील पाणी व क्षार फार घटलेले आढळले. आज आपण जाणतो की पटकीचे जंतू आतड्यातच राहतात. त्यांच्या विषामुळे शरीरातील पाणी आतड्यावाटे वाहून जाते. तांबड्या पेशी मागे राहतात व त्यांची दाटी होते. रक्त कमी, घट्ट आणि काळसर होते. प्रवाह मंदावतो, नाडी लागत नाही, मूत्रपिंडे निकामी होतात.

१८३२ मध्येच स्कॉटलंडातील लीथ येथे थॉमस लॅटा यांनी शिरेतून क्षारजल दिले. पहिल्या वृद्ध रुग्णेची हरपलेली नाडी परतली. पण जुलाब चालूच राहिले, क्षारजल पुन्हा दिले गेले नाही आणि ती दगावली. पुढे ही पद्धत मागे पडली. आधीच रक्त आटलेल्या रुग्णांचे रक्त काढण्याचा प्रघात मात्र चालू राहिला.

विषाचा पुरावा १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दिला. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले, तेव्हा दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रुग्णांच्या आप्तांकरवी पाजविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

माझ्या बालपणी जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडीत. माझी धाकटी बहीण पाणी मागत गेली. आईने ते मायेपोटीच नाकारले होते. लॅटांच्या प्रयोगाला तेव्हा शतक उलटून गेले होते.

म्हणून या शाळेकडे एकच मागणे आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ : ही जलसंजीवनी येथील प्रत्येक मुलाला करता यावी.