रिटर्नमध्ये जुनीच कुर्ती आली? क्लेमसाठी व्हिडिओ असा काढा

ऑनलाइन विकलेला कपडा दोन रस्त्यांनी परत येतो. आरटीओ म्हणजे ग्राहकाने पार्सल घेतलंच नाही. कस्टमर रिटर्न म्हणजे घेतलं, उघडलं आणि मग परत केलं. वापरलेला किंवा बदललेला माल सहसा या दुसऱ्या प्रकारात निघतो.

ॲमेझॉनवर यासाठी सेफ-टी क्लेम आहे. मीशो, फ्लिपकार्टवर सेलर पॅनलमधून क्लेम टाकता येतो. मुदत मोजक्या दिवसांची असते, त्यामुळे पार्सल आलं त्याच दिवशी उघडा. व्हिडिओ बंद पाकिटापासून सुरू करा: लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर, पाकिटाच्या सगळ्या बाजू, मग कापणं, शेवटी कपडा आणि टॅग. मध्ये कट नको.

खरा घोळ मला पुढे दिसतो. दुसऱ्याच्या फोनवरचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवला की तो कॉम्प्रेस होतो आणि नंबर वाचता येत नाही. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा.

टॅग गळ्यापाशी, बाहेरून दिसेल असा लावा. लग्नात मिरवून परत पाठवणारे तिथेच अडतात!

माल खरंच सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा असेल, तर मात्र २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो परत घ्यावाच लागतो.